दक्षिणा फेलो आणि लाल पेन

गेल्या शनिवारी न्हावऱ्याला गेलो होतो, आत्याकडे. शिक्रापूरपर्यंत नगर रोडने जी काय परीक्षा घ्यायची ती घेतली, मग तळेगाव ढमढेऱ्याकडे वळलो आणि दोन्ही बाजूंना ऊस दिसायला लागला. न्हावरे म्हटलं की पुणे जिल्ह्यात बहुतेकांना घोडगंगा साखर कारखाना आठवतो. मला आत्याच्या हातची मासवडी आठवते. असो.

ओसरीवर आत्येबहीण लाल पेन घेऊन बसली होती. समोर वह्यांचा ढीग. ती मराठीत एम.ए. आहे, सेट पास आहे, पीएच.डी.ला नाव नोंदवलंय आणि एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. म्हणजे जितके तास घेतले तितक्या तासांचे पैसे, तेही जेव्हा येतील तेव्हा! पहिल्या वर्षाच्या पोरांना ती लेखन शिकवते. पत्र, अर्ज, सारांश, निबंध. त्या दिवशीच्या वह्यांत 'माझी सुट्टी' असा निबंध होता.

सहज एक वही उचलली. एका वाक्याला लाल गोल होता. वाक्य असं : "रात्री लाइट आली की मी आणि पप्पा दारं धरायला जातो."

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो, इथे दरवाज्याचा काही संबंध नाही. मोटारीचं पाणी पाटाने शेतात येतं. एक वाफा भरला की त्याचं तोंड मातीने बुजवायचं आणि पुढच्याचं उघडायचं. हे फावडं घेऊन, अंधारात, चिखलात उभं राहून करायचं, कारण शेतीची वीज बऱ्याचदा रात्रीच येते. याला दारं धरणं म्हणतात. माझ्या आत्येबहिणीला हे माहीत नसणं शक्यच नाही, लहानपणी तिने स्वतः दारं धरली आहेत.

"मग गोल का केलास?"

"प्रमाण भाषेत 'शेताला पाणी देतो' असं पाहिजे ना, दादा." मग थोडं थांबून म्हणाली, "मला पण कॉलेजात असेच गोल करून मिळायचे. तपासायचं कसं हे कुणी शिकवलंच नाही रे. मला जसं तपासलं तसं मी तपासते. तुला कंपनीत जॉइन झाल्यावर ट्रेनिंग होतं ना?"

होतं. तीन महिने. त्यानंतरही वर्षभर माझी एकही ओळ सीनियरने बघितल्याशिवाय पुढे गेली नाही. त्याने माझा कोड नुसता लाल केला नाही, शेजारी बसवून 'हे असं का लिहिलंस' विचारलं. तिला विभागप्रमुखांनी पहिल्या दिवशी हजेरीपत्रक आणि खडू दिला आणि वर्ग कुठल्या मजल्यावर आहे ते सांगितलं.

हे डोक्यात घेऊन परत आलो आणि आठवडाभर रात्री जागून वाचत बसलो. प्रश्न साधा होता. स्वतः अजून शिकत असलेल्या पोराला कॉलेजच्या वर्गावर उभं करायची पद्धत आपल्याकडे आली कुठून? आणि त्याला लिहायला शिकवायला कुणी शिकवलं का?

उत्तराची सुरुवात तळेगावात होते. पण ढमढेऱ्यांच्या नाही, दाभाड्यांच्या. (गंमत म्हणजे तळेगाव दाभाड्याहून चाकण, शिक्रापूर करत येणारा रस्ताच पुढे न्हावऱ्याला येतो.) सेनापती खंडेराव दाभाडे श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत असत. १७३१ मध्ये डभोईच्या लढाईत त्यांचा मुलगा त्र्यंबकराव पहिल्या बाजीरावाविरुद्ध लढताना मारला गेला. पुढे दक्षिणेची ही प्रथा पेशव्यांनी पुण्यात आणली. पर्वतीच्या पायथ्याला रमणा होता, तिथे श्रावणात देशभरातून ब्राह्मण जमायचे. पेशवाईच्या भरात ही रक्कम लाखांत जायची.

१८१८ मध्ये पेशवाई गेली. एल्फिन्स्टन हुशार माणूस. दक्षिणा एकदम बंद केली तर पुण्यात असंतोष माजेल हे त्याला कळत होतं, म्हणून त्याने ती चालू ठेवली, पण खिरापत कमी करून विद्येकडे वळवली. त्याच पैशाच्या एका भागातून ६ ऑक्टोबर १८२१ला विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. या पाठशाळेचं नाव लक्षात ठेवा. १८५१ मध्ये ती इंग्रजी शाळेशी जोडली जाऊन पूना कॉलेज झालं आणि १८६८ मध्ये येरवड्याच्या नव्या इमारतीत गेल्यावर तेच डेक्कन कॉलेज. आपण आज बंड गार्डनच्या पुलापलीकडे ज्याच्यासमोरून गाडी काढतो, तेच ते.

१८३६ नंतर नवीन लोकांना दक्षिणा देणं बंद झालं. जुने दक्षिणाधारक वारत गेले तसा पैसा शिल्लक पडायला लागला, आणि मग या पैशाचं करायचं काय यावर पुण्यात जोरदार भांडण लागलं. १८४९च्या सुमारास लोकहितवादी आणि इतर सुधारकांनी सरकारकडे अर्ज केला की हा पैसा मराठी पुस्तकांसाठी वापरा. सनातनी इतके खवळले की अर्ज करणाऱ्यांच्या संरक्षणासाठी जोतीराव फुल्यांनी महार-मांग समाजातली दोनेकशे माणसं उभी केली असं त्यांचे चरित्रकार सांगतात. विचार करा, मराठी गद्याला अनुदान मिळावं म्हणून बॉडीगार्ड!

त्यातून दक्षिणा प्राइझ कमिटी आली. चांगलं मराठी पुस्तक किंवा भाषांतर करा, बक्षीस मिळवा. पण 'चांगलं मराठी' म्हणजे कुठलं? ते ठरवणाऱ्यांत मेजर थॉमस कँडी होता, मोल्सवर्थच्या कोशात हात असलेला, पूना कॉलेजचा प्रिन्सिपल, सरकारी पाठ्यपुस्तकांच्या मराठीवर शेवटचा हात फिरवणारा. मराठीत स्वल्पविराम-पूर्णविराम रुळवण्याचं श्रेय त्याच्याकडे जातं. मी ही ओळ ज्या खुणांनी लिहितोय त्या त्याच्या, तेव्हा त्याला नावं ठेवायला माझी जीभ जरा अडखळते. पण त्याच्या भोवतीचे शास्त्री-पंडित कुठले, कुठली मराठी बोलणारे, हे वेगळं सांगायला नको.

१८५५ मध्ये फुल्यांनी या कमिटीकडे 'तृतीय रत्न' हे नाटक पाठवलं. त्यात कुणबी बाई कुणब्याच्याच बोलीत बोलते. कमिटीने नाटक नाकारलं. कमिटीतल्या भटांच्या आग्रहामुळे ते नाकारलं गेलं असं फुल्यांनीच नंतर 'गुलामगिरी'त लिहून ठेवलंय. पुढे शंभराहून जास्त वर्षं ते छापलं गेलं नाही. लाल गोलांचा इतिहास लिहायचा तर मी हा पहिल्या पानावर घेईन.

आता खऱ्या मुद्द्यावर येतो. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ निघालं, १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक झाली. कॉलेजांत मुलं आली पण शिकवायला माणसं कुठे होती? गोरे प्रोफेसर मोजके आणि महाग. मग दक्षिणा फंडातून फेलोशिप काढल्या गेल्या. हुशार विद्यार्थ्याला महिना ठरावीक रक्कम द्यायची, त्याने बी.ए., एम.ए.चा अभ्यास करायचा आणि सोबत खालच्या वर्गांना शिकवायचं. यांना म्हणायचे दक्षिणा फेलो. म्हणजे अमेरिकेत एम.एस.ला गेलेला आपला रूममेट ज्याला टी.ए.शिप म्हणतो, तीच ही, श्रावणातल्या दक्षिणेच्या पैशावर चालणारी!

महादेव गोविंद रानडे एल्फिन्स्टन कॉलेजात ज्युनियर दक्षिणा फेलो झाले तेव्हा अजून विशीच्या आत होते. महिना साठ रुपये. पुढे सीनियर फेलो, एकशेवीस रुपये. रामकृष्ण गोपाळ भांडारकरही दक्षिणा फेलो. १८६२ मध्ये मुंबई विद्यापीठाचे पहिले चार बी.ए. झाले : रानडे, भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. त्या चौघांतले हे दोघं पास व्हायच्या आधीपासूनच दुसऱ्यांना शिकवत होते.

त्यांना कसं शिकवायचं हे कुणी शिकवलं? मी बरंच शोधलं. प्राथमिक शाळेच्या मास्तरांसाठी तेव्हाही सोय होती. बाळशास्त्री जांभेकर शेवटच्या वर्षांत मुंबईत नॉर्मल क्लास, म्हणजे शिक्षकांना तयार करणारा वर्ग, चालवत होते. पुण्यात ट्रेनिंग कॉलेज होतं, कृष्णशास्त्री चिपळूणकर त्याचे प्रमुख होते. चौथीच्या मुलाला शिकवायचं तर प्रशिक्षण हवं हे इंग्रज सरकारला कळत होतं. कॉलेजच्या मुलाला शिकवायला मात्र स्वतःला विषय येणं पुरेसं, असा समज. आणि हा समज बघा किती टिकाऊ निघाला. आजही शाळेत शिकवायला डी.एड., बी.एड. लागतं. कॉलेजात शिकवायला नेट किंवा सेट लागते, ज्यात अध्यापन अभिवृत्ती नावाचा पेपर आहे खरा, पण तो चार पर्यायांतून एक निवडण्याचा. नेटमधला शेवटचा लिहायचा पेपर २०१२ मध्ये गेला, तेव्हापासून सगळं ऑब्जेक्टिव्ह. म्हणजे लेखन शिकवायची पात्रता मिळवताना तुम्हाला एक परिच्छेदसुद्धा लिहावा लागत नाही! प्राध्यापकांसाठी अभिमुखता वर्ग असतात, पण ते नोकरी लागल्यावर. तासिका तत्त्वावरच्या माणसाला ते कुठले.

परत रानड्यांकडे. त्यांच्या निबंधाची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. विद्यार्थी असताना त्यांनी एका निबंधात मराठ्यांच्या राज्याची आणि इंग्रजांच्या राज्याची तुलना केली, आणि ती इंग्रजांना झुकतं माप देणारी नव्हती. प्रिन्सिपल सर अलेक्झांडर ग्रँट. त्यांनी रानड्यांना बोलावून समज दिली की जे सरकार तुला शिकवतंय त्याची निंदा करू नकोस, आणि शिष्यवृत्ती सहा महिने बंद केली.

ही गोष्ट आपण नेहमी देशभक्तीची म्हणून ऐकतो. मी या वेळी ती निबंध तपासण्याची गोष्ट म्हणून वाचली. ग्रँट काही सामान्य माणूस नव्हता, ॲरिस्टॉटलवरचा नावाजलेला अभ्यासक. पण समोर एका मुलाचं लिखाण आल्यावर त्याने काय केलं? पुरावा कुठे कमी पडला, युक्तिवाद कुठे ढिला आहे, हे त्याने विचारल्याचं कुठे आढळत नाही. निष्कर्ष आवडला नाही, दंड केला. कोड रिव्ह्यूमध्ये 'मला हे पटत नाही' एवढंच लिहून पगार कापणारा मॅनेजर डोळ्यांसमोर आणा. ;-)

आणि या ग्रँटच्याच काळात अजून एक गोष्ट झाली. १८६०च्या दशकात विद्यापीठाने वरच्या परीक्षांतून मराठी, गुजराती वगैरे देशी भाषा काढल्या आणि संस्कृतसारख्या अभिजात भाषा आणल्या. म्हणजे दक्षिणा फेलो मराठी कॉलेजात शिकवू शकत नव्हते, कारण कॉलेजात मराठी उरलीच नाही. ज्या पैशातून मराठी पुस्तकं निघावीत म्हणून पुण्यात मारामारीची वेळ आली, त्या पैशावर पोसलेल्या पोरांना मराठी लिहायला शिकवायची मुभाच नव्हती. रानडे पुढे जज झाले, मोठे झाले, तरी विद्यापीठात मराठी परत आणायचा त्यांचा खटाटोप शेवटपर्यंत चालला होता. १९०१च्या जानेवारीत ते गेले, त्याच सुमारास एम.ए.ला मराठीला जागा मिळाली.

मग त्या पिढीला मराठी लिहायला शिकवलं कुणी? माझं मत, कॉलेजने नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकर १८७२ मध्ये डेक्कन कॉलेजातून बी.ए. झाले आणि १८७४ मध्ये 'निबंधमाला' काढली. सात वर्षं, ८४ अंक, जवळजवळ सगळे एकटाकी. एका अर्थाने तो कॉलेजबाहेर चाललेला लेखनाचा वर्गच होता. वाचून वाचून लोक तसं लिहायला लागले. पण त्या वर्गाला खिडकी एकच होती. पुण्याच्या पेठेतून दिसतं ते मराठी. जोतीरावांच्या मराठीची त्यांनी जी टर उडवली ती वाचताना आज कसंतरी होतं, विशेषतः मूळचा माणूस न्हावऱ्यासारख्या ठिकाणचा असेल तर. गद्य झकास आहे, हे मात्र कबूल.

भांडारकरांचं उदाहरण वेगळं आणि मला जास्त आवडलेलं. पुण्यात फेलो असताना ते एकीकडे वर्ग घ्यायचे आणि दुसरीकडे जुन्या शास्त्र्यांसमोर बसून व्याकरण, न्याय शिकायचे. सकाळी गुरू, संध्याकाळी शिष्य. त्यातून नवशिक्याला कुठे अडतं हे त्यांना रोज दिसत असणार, कारण ते स्वतः रोज अडत होते. १८६०च्या दशकात त्यांनी संस्कृतची पहिली आणि दुसरी पुस्तकं लिहिली. सोपे नियम, लगेच उदाहरणं, लगेच भाषांतराचा सराव. पिढ्यान्‌पिढ्या मुलं त्यांवर संस्कृत शिकली. नवशिका मास्तर असण्यात जो फायदा आहे तो इथे दिसतो, फक्त त्यासाठी भांडारकर असावं लागतं. सिस्टीम म्हणून हे काही चालणारं नाही.

अमेरिकेत हीच गाडी थोड्या उशिरा आणि वेगळ्या दिशेने गेली. हार्वर्डने १८७०च्या दशकात प्रवेश परीक्षेत निबंध आणला, पोरांना धड लिहिता येत नाही म्हणून आरडाओरड झाली (हो, तिथेही!), आणि १८८५ पासून पहिल्या वर्षाला लेखनाचा सक्तीचा वर्ग आला. तो पसारा पुढे सगळ्या विद्यापीठांत पसरला आणि एवढे निबंध तपासायला पदव्युत्तर विद्यार्थीच जुंपले गेले. आधी तेही आमच्या बहिणीसारखेच, हातात ढीग आणि लाल पेन. पण विसाव्या शतकात तिथे हळूहळू हा स्वतंत्र विषय झाला. सत्र सुरू व्हायच्या आधी या टी.ए. लोकांचा वर्ग घेतात, चारजणांना एकच निबंध तपासायला देऊन कुणी किती गुण का दिले यावर भांडायला लावतात. माझ्या रूममेटच्या शेजारी राहणारी मुलगी इंग्रजी विभागात टी.ए. होती, ती हे सगळं करून मग वर्गात गेली. तिथेही पैसे कमी आणि वह्या जास्त, फार काही स्वर्ग नाही. पण निदान कुणी तरी सांगितलं तरी.

आपल्याकडे असं शेजारी उभं राहून शिकवणं अजिबात नव्हतं का? होतं, आणि न्हावऱ्याच्या अगदी जवळ होतं. रविवारी सकाळी आम्ही दोघं गाडी काढून इनामगावला गेलो होतो. घोड नदीच्या काठी. १९६८ पासून पुढची पंधराएक वर्षं डेक्कन कॉलेजने (तेच ते, विश्रामबागवाड्यातलं!) इथे उत्खनन केलं. १९३४ मध्ये बंद पडलेलं हे कॉलेज १९३९ मध्ये पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झालं, तेव्हापासून तिथे सांकलिया होते. इनामगावला सांकलिया, ढवळीकर, अन्सारी यांच्या हाताखाली विद्यार्थ्यांच्या तुकड्या राबल्या. इसवी सनापूर्वी साधारण १६०० ते ७०० पर्यंतचं शेतकऱ्यांचं गाव सापडलं. घरं, घराच्या जमिनीखाली कुंभांत पुरलेली लहान मुलं, सगळं.

उत्खननात पोरगं चरात उतरतं तेव्हा त्याला नुसती कुदळ देत नाहीत. रोजची वही लिहावी लागते. कुठल्या थरात काय, मातीचा रंग काय, आज काय दिसलं आणि त्यावरून काय वाटतंय. दिसलेलं आणि वाटलेलं वेगळं लिहायचं. आणि 'तू याला चूल म्हणालास, कशावरून?' असं विचारणारा सीनियर शेजारी असतो. मला तर हा लेखनाचा उत्तम वर्ग वाटला. फक्त त्याला कुणी लेखनाचा वर्ग म्हणत नाही, आणि मराठी विभागातून तिकडे कुणी बघायला जात नाही.

बाहेरच्या माणसाला इनामगावला फार काही दिसत नाही. मातीचे उंचवटे, शेतं, नदी. मी वाचलेलं तिला सांगत होतो की इथे बंधारा आणि पाणी वळवणारा कालवा सापडलाय, तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचा. पुराचं पाणी अडवून शेताकडे न्यायचे.

ती हसली. "म्हणजे दारं धरायचे."

काल रात्री तिचा फोन आला. तो गोल खोडता येत नव्हता, लाल शाई, म्हणून तिने त्याच्या शेजारी फक्त 'म्हणजे काय? न पाहिलेल्या माणसाला सांग' असं लिहिलं. मग वाटलं सगळ्यांनाच सांगावं, म्हणून वर्गात प्रत्येकाला आपल्या घरचा असा एक शब्द निवडून त्यावर दहा ओळी लिहायला सांगितल्या. दारं धरणाऱ्या पोराने दीड पान लिहून आणलंय. रात्रीची थंडी, बॅटरीचा उजेड, उसात बिबट्या असेल म्हणून मोबाइलवर मोठ्याने लावलेली गाणी, आणि पाणी कुठल्या वाफ्यात पोचलं हे न बघता नुसत्या आवाजावरून कसं ओळखायचं ते. शुद्धलेखनाच्या चुका पस्तीस. तिने मोजल्या.

"आता याला दहापैकी किती देऊ, दादा?"

मी म्हटलं, दोघं-तिघं मिळून तपासा, तुझ्याबरोबर अजून कोण आहे विभागात? ती म्हणाली, तासिकेवर आम्ही तिघी आहोत, पण आमचे तास वेगवेगळ्या दिवशी असतात, भेटच होत नाही.